वेताळाच्या डोळ्यांत बुबुळं का नाहीत?

अजिंक्यतारा, सातारा

वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या, मुखवट्यात डोळ्यांच्या जागी दोन पांढरे आकार आहेत आणि त्यांच्या आत काहीच नाही. बुबुळ नाही, बाहुली नाही, पापणीची रेघसुद्धा नाही. ली फॉकने 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत ही चित्रकथा सुरू केली. पहिला चित्रकार रे मूर, मग विल्सन मॅकॉय, आणि 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून 1994 पर्यंत साय बॅरी. तिघांचे हात अगदी वेगळे. मूरचा वेताळ सावलीतून निघतो, मॅकॉयचा जरा ठोकळेबाज, बॅरीचा घोटीव अंगाचा. यात कुणाला कोण आवडेल ते आवडो, पण डोळ्यांच्या बाबतीत तिघांनीही जागा कोरीच सोडली.

कथेत याचं कारण कुठे येत नाही. मी वाचलेल्या एकाही अंकात कुणी पात्र त्याला हे विचारत नाही. बाकी सगळं साग्रसंगीत सांगितलेलं आहे. कवटीच्या अंगठीला इतिहास आहे, गुहेतल्या रोजनिशांना इतिहास आहे. 1536 साली समुद्री चाच्यांच्या तावडीतून वाचून किनाऱ्याला लागलेल्या त्या पोराने, म्हणजे पहिल्या वेताळाने, बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ तर पुन्हा पुन्हा येते. इतकं सगळं समजावणारा लेखक डोळ्यांबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही.

आम्हा साताऱ्यातल्या जुन्या इंद्रजालवाल्यांत, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ वाचलेल्यांत, यावरून परवा राजवाड्यावर चांगली खडाजंगी झाली. माझं म्हणणं आधी मांडतो. ज्याने मुखवट्याशिवाय वेताळाचा चेहरा पाहिला तो भयानक मरण मरतो, असा जंगलात समज आहे. हा नियम कथेतल्या माणसांसाठी आहे असं आपण धरून चालतो. मला वाटतं तो आपल्यालाही लावलेला आहे. वाचकाला चेहरा कधीच दिसत नाही. मुखवटा उतरवला की तो पाठमोरा तरी असतो, नाहीतर सावलीत. शहरात मिस्टर वॉकर म्हणून गेला तरी डोळ्यांवर काळा चष्मा आणि डोक्यावर टोपी. चेहऱ्यात माणूस ओळखू येतो तो नजरेवरून. मुखवटा चढवून नजर उघडी ठेवली असती तर निम्मा चेहरा दाखवल्यासारखंच झालं असतं. म्हणून बुबुळं काढली.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी हात राखून लिहू नये.

कृष्णाकाठ, वाई

पटत नाही. आयुष्य छापखान्यात गेलं, त्यामुळे मला यात आधी शाई दिसते.

इंद्रजालचे अंक आठवा. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून, चौकटी इकडच्या तिकडे करून, काही गाळून त्या छोट्या पानात बसवलेल्या असायच्या. मूळ चित्र लहान केलं की बारीक टिंबांचं काय होतं ते छपाईवाल्याला विचारा. स्वस्त कागद शाई पितो, टिंब फुगतं आणि शेजारच्या रेघेला चिकटतं. त्यात मुखवटा काळा. काळ्या मुखवट्यातल्या फटीत काळं टिंब ठेवलं तर फट भरून येणार आणि तोंडावर नुसता काळा डाग दिसणार. अमेरिकेतल्या रोजच्या वर्तमानपत्राचा कागद काही आपल्यापेक्षा फार वरचा नव्हता. रोज पट्टी देणाऱ्या चित्रकाराला हे पहिल्या आठवड्यात कळलं असणार. त्याने फट स्वच्छ पांढरी ठेवली, चेहरा लांबूनही उठून दिसला, काम झालं.

आणखी एक. ज्या जांभळ्या पोशाखावर आपण जीव टाकतो, तोसुद्धा लेखकाने ठरवलेला नाही. फॉकच्या मनात करडा रंग होता. 1939 साली रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. इटलीत वेताळ लाल, स्वीडन-नॉर्वेकडे निळा, आपल्या इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांतही निळाच. एवढी मोठी गोष्ट छापखाना ठरवू शकतो, तर दोन टिंबं का नाही?

मोती चौक, सातारा

काका, तुमचा अनुभव मान्य, पण मग जादूगार मँड्रेकचं काय? त्याच इंद्रजालमध्ये, त्याच कागदावर, त्याच आकारात मँड्रेक यायचा आणि त्याला व्यवस्थित डोळे असायचे. वेताळाच्याच चौकटीत शेजारी उभ्या असलेल्या बायकोला, डायनाला डोळे, मित्र गुरनला डोळे, तिसऱ्या रांगेतल्या चाच्यालाही डोळे. सगळ्यांची टिंबं छापली जायची. एकट्या वेताळाचीच कशी फुगली असती?

रंगाचा दाखला तर तुमच्याच विरुद्ध जातो. छापखान्यांनी ठरवलं म्हणून देशोदेशी रंग वेगळा झाला. डोळे देशोदेशी वेगळे झाले का? लाल वेताळाचे पांढरे, निळ्याचे पांढरे, जांभळ्याचेही पांढरेच. जे कुठेच बदललं नाही ते छापखान्यावर सोपवलेलं नव्हतं.

मात्र अजिंक्यतारांशीही मी सहमत नाही. हे कोडं मुळात सुटलेलं आहे. फॉकने स्वतःच सांगितलंय की त्याला ही कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून सुचली. संगमरवरी चेहऱ्यांना बुबुळं नसतात आणि त्यामुळे ते माणसापलीकडचे वाटतात, म्हणून त्याने वेताळाला तसे डोळे दिले. आता त्या पुतळ्यांना मुळात रंग असायचा आणि डोळेही रंगवलेले असायचे, काळाच्या ओघात रंग उडाला, ही गोष्ट वेगळी. निर्मात्याने कारण दिलंय, विषय संपला.

अजिंक्यतारा

विषय तिथून सुरू होतो. फॉकने सांगितलं ते कल्पना कुठून आली याबद्दल. ती कथेत बसली कशी, आणि इतके चित्रकार बदलूनही टिकली कशी, याचं उत्तर पुतळ्यात नाही. फॉकने सुरुवातीच्या दिवसांत दुसऱ्याही कल्पना करून पाहिल्या होत्या. जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, उनाड तरुणच वेताळ निघणार असं त्याच्या मनात होतं. ते त्याने मधेच सोडून दिलं. न जमणारं तो टाकून देत होता, डोळे मात्र ठेवले.

कोयनाकाठची, कराड

पुतळ्याचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं सांगते. शेंदूर लावलेल्या देवाला आपण चांदीचे डोळे बसवतो. मधे ठसठशीत काळी बुबुळं, कधी तर चेहऱ्याच्या मानाने फारच मोठी. नाक-तोंड धड नसलं तरी चालतं, डोळे हवेत. देवाने आपल्याकडे पाहावं म्हणून तर आपण डोंगर चढून जातो. मांढरदेवीला गर्दीत खांद्यावरून मान उंचावून बाया काय बघत असतात? देवीची नजर आपल्यावर पडली का, ते.

त्यामुळे बुबुळं नाहीत म्हणून तो माणसापलीकडचा वाटतो हे ग्रीक पुतळ्यापुरतं खरं असेल, मला लहानपणी तसं कधीच वाटलं नाही. मला तो आंधळा वाटायचा! खरंच भीती वाटायची की हा घोड्यावरून पडेल. भाऊ समजवायचा की अगं त्याला दिसतं, आपल्याला त्याचे डोळे दिसत नाहीत एवढंच. आता अजिंक्यतारांचं वाचताना जाणवलं की भाऊ तेच सांगत होता. माझा कौल त्यांना, पण कारण वेगळं. ज्याला लोकांनी भेटायला यायला हवं असतं त्याला आपण डोळे देतो. वेताळाला कुणी भेटायला यायला नको आहे.

माणदेश, दहिवडी

सगळ्यांनी एक गोष्ट सोडली, ती मी बोलतो. लोकांना रुचणार नाही.

या गोष्टीत कुणाला बुबुळं आहेत आणि कुणाला नाहीत याची मांडणी बघा. जंगलातल्या प्रत्येक माणसाला डोळे आहेत. बांदार, वांबेसी, लोंगो, सगळ्या टोळ्यांना. भीती वाटली की त्यांचे डोळे मोठे होतात, आनंद झाला की चमकतात. त्यांच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दिसतं. आणि त्यांच्यावर चारशे वर्षं धाक ठेवून असलेला जो गोरा माणूस, त्याच्या मनात काय आहे ते मात्र कुणालाच दिसत नाही. तो बघतो, त्याला कुणी बघू शकत नाही. राज्य असंच चालतं. जंगल पेट्रोल या जंगलातल्या सुरक्षा दलाचं उदाहरण घ्या. तिथल्या जवानांना आपला सर्वोच्च सेनापती वेताळ आहे हे माहीत नाही. हुकूम तिजोरीतून येतात. पाळायचे, विचारायचं नाही. डोळ्यांच्या त्या दोन पांढऱ्या फटी म्हणजे तीच तिजोरी आहे.

मला ही कथा आवडत नाही असं नाही. मी दहावीपर्यंत दुसरं काही वाचलं नाही. भाड्याच्या दुकानातून अंक आणायचो, दिवसाला चार आणे. पण 1936 साली एका अमेरिकन माणसाने जंगल, काळी माणसं आणि त्यांचा गोरा रखवालदार अशी कथा लिहिली, तेव्हा नजर कुणाकडे ठेवायची हे त्याने नकळत ठरवून टाकलं. तुम्ही याला गूढ म्हणता. मला त्यात सत्ता दिसते.

मोती चौक

माणदेश, मुद्दा वजनदार आहे, पण फॉकला 1936 मध्येच गोठवू नका. त्याच माणसाने पुढे लमांडा लुआगा हा डॉक्टर देशाचा अध्यक्ष म्हणून उभा केला. निवडून आलेला, स्वाभिमानी, वेताळाशी बरोबरीने बोलणारा. जंगल पेट्रोलच्या प्रमुखपदी कर्नल वोरुबू आला. जग बदललं तशी कथा बदलली.

माणदेश

कथा बदलली हे मान्य. डोळे बदलले का? लुआगा आला, वोरुबू आला, दोघांनाही बुबुळं आहेत. मी तेच तर म्हणतोय.

अजिंक्यतारा

माणदेश, तुमच्या मुद्द्याने मला रात्री झोप लागली नाही. पूर्ण खोटा म्हणता येत नाही. वांबेसी आणि लोंगो त्याला अमर मानतात, आणि तो मानू देतो. तिथे धाक आहेच.

पण बांदारांचं काय? वेताळ मरतो, त्याचा मुलगा येतो, हे गुपित त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तेच वेताळाला पुरतात, तेच नव्याला आणतात. गुरन त्याचा लहानपणापासूनचा मित्र. गुरनने त्याचे डोळे शंभरदा पाहिले असतील. डायनाने पाहिलेत, 1977 साली लग्न झालं त्यांचं. म्हणजे बुबुळं झाकली आहेत ती जंगलातल्या सगळ्यांपासून नाहीत. जवळच्यांना दिसतात. कुणाला दिसत नाहीत? एक, चाच्यांना आणि गुंडांना. दोन, दूरच्या टोळ्यांना. आणि तीन, आपल्याला. साताऱ्यात, दहिवडीत बसून वाचणारा पोरगा गुरनच्या रांगेत नाही, तो लोंगोंच्या रांगेत बसलाय. सत्ता असलीच तर ती आपल्यावरही चालते. माझ्या पहिल्या म्हणण्याला तुम्ही धारच लावलीत.

घाटावरचा, सांगली

लय भारी चाललंय. एक पुरावा देतो, वस्तू हातात आहे.

2019च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं. माळ्यावर टाकलेली ट्रंक तेवढी वाचली, त्यात चुलत्यांचे इंद्रजाल होते. त्यातल्या एका वेताळाच्या अंकात कुणीतरी, बहुतेक चुलत्यांनीच शाळेत असताना, निळ्या बॉलपेनने प्रत्येक चौकटीत वेताळाला बुबुळं काढलेली आहेत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकही चौकट सोडलेली नाही. लांब उभ्या वेताळालासुद्धा टिंब आहे.

आता तो अंक वाचून बघा म्हणजे काय होतं ते कळतं. बुबुळं नाकाकडे सरकली तर वेताळ चिडका दिसतो. बाहेर गेली तर बावचळल्यासारखा. एका चौकटीत तो दारातून आत येतो आणि गुंड पिस्तूल टाकून देतात. चुलत्यांची टिंबं जरा वर गेली आहेत, त्यामुळे तो छताकडे बघतोय असं वाटतं आणि गुंड कशाला घाबरले तेच कळत नाही. दुसऱ्या चौकटीत तो डायनाशी बोलतोय, तिथं टिंबं नेमकी बसलीत. तिथं तो साधा, थकलेला, बायकोवर जीव असलेला माणूस दिसतो. इतका साधा की पुढच्या पानावर तो पाच जणांना लोळवतो ते खरं वाटत नाही.

1996 साली यावर सिनेमा निघाला तेव्हा हीच अडचण झाली. मुखवट्यातून नटाचे खरे डोळे दिसत होते. नट चांगला होता, पण तो वेताळाच्या कपड्यातला माणूस वाटला.

आणि कृष्णाकाठ काका, ही बॉलपेनची टिंबं पुराच्या दमटपणातही पसरलेली नाहीत. जागा होती, काढायला जमलं असतं.

कृष्णाकाठ

बॉलपेन आणि छपाईची शाई एक नव्हे, बाळा. बॉलपेनने कागदावर वरून काढता. छपाईत चित्र आधी लहान होतं, मग प्लेट, मग कागद. दर टप्प्यावर काही ना काही गमावतं. मँड्रेक आणि डायनाला टिंबं जमली, कारण त्यांच्या डोळ्यांभोवती चेहऱ्याचा मोकळा कागद आहे. वेताळाच्या फटीभोवती काळा मुखवटा आहे. काळ्याला काळं लागून असलं की भरून येतं, हा माझा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही.

तरीही तुमच्या चुलत्यांच्या अंकाने मला विचार करायला लावलं. सुरुवात सोयीची असू शकते आणि टिकण्याचं कारण वेगळं असू शकतं. चित्रकार एखादी गोष्ट वेळ वाचवायला करतो, वाचक तिच्यात जीव ओततो, मग ती बदलायची हिंमत होत नाही. मॅकॉय आला तेव्हा छपाई सुधारत होती, बॅरीच्या काळात तर बरीच. बॅरीला टिंब जमलं असतं. त्याने काढलं नाही. तिथे माझं छापखान्याचं कारण थांबतं, हे मला दिसतंय.

कोयनाकाठची

सांगलीकर, तो डायनाशी बोलतानाचा चेहरा साधा वाटला हे वाचून मला बरं वाटलं. लहानपणी मला तोच हवा होता. गुंडांना लोळवणारा नाही, गुहेत संध्याकाळी बसलेला. त्याचा चेहरा एकदा दाखवायला काय हरकत होती असं मला आजही वाटतं. सगळ्यांनाच गूढ हवं असतं असं नाही.

माणदेश

ताई, तुम्ही मला हवं ते बोललात. गूढ कुणाच्या फायद्याचं हे विचारायला हवं.

अजिंक्यतारा, तुमची तीन रांगांची मांडणी चांगली आहे, पण त्यात एक फट आहे. बांदारांना तो माणूस म्हणून ठाऊक आहे हे खरं. मग गुरन आणि वेताळ गुहेत दोघेच बसलेले असतात, तिथं परका कुणी नसतो, तेव्हाही तो मुखवट्यातच का? मित्रासमोर मुखवटा कशाला? म्हणजे आपल्याला गुरनच्या रांगेतून कथा दाखवायची मुभा चित्रकाराला होती, त्याने ती घेतली नाही.

अजिंक्यतारा

कारण चौकटीत तिसरा बसलेला असतो. वाचक.

आणि याचा भक्कम पुरावा वेताळाच्या बालपणाच्या कथेत आहे. छोटा किट वॉकर गुहेतून अमेरिकेत मावशीकडे शिकायला जातो, मिसुरी राज्यातल्या क्लार्क्सव्हिलमध्ये वाढतो. त्या कथेत त्याचा चेहरा उघडा आहे. नाक, तोंड, केस, डोळे, बुबुळं, सगळं. हाच पुढे एकविसावा वेताळ होणार हे आपल्याला माहीत असतं आणि तरी चित्रकार त्याचे डोळे बिनदिक्कत दाखवतो. म्हणजे हा घराण्याचा आजार नाही, ग्रीक पुतळ्याचा वंश नाही आणि छपाईची अडचण तर नाहीच. शपथ घेऊन मुखवटा चढवला की बुबुळं जातात. तोपर्यंत तो आपल्यासारखाच एक पोरगा असतो, त्याच्याकडे बघायला बंदी नसते.

माणदेश, तुमच्या सत्तेच्या मुद्द्याला माझं उत्तर इथे आहे. नजर हिरावली जाते ती आधी त्याची स्वतःची. बाप मेला त्या दिवशी त्याला चेहरा सोडून द्यावा लागला.

माणदेश

सोडून द्यावा लागला की सोडून देणं परवडलं? जंगलातल्या कुठल्या पोराला असा मुखवटा मिळाला? एकवीस पिढ्यांत गुरनच्या घरातला एकही वेताळ झाला नाही. बालपणाच्या कथेचा पुरावा मात्र मी मानतो, तो बिनतोड आहे. कोरे डोळे मुखवट्याबरोबर येतात इथपर्यंत तुमच्याबरोबर. मुखवटा कुणाला मिळतो यावर नाही.

घाटावरचा

मग एक राहिलं की. वेताळाला आता जुळी मुलं आहेत, किट आणि हेलोईज, 1979 पासून. दोघांनाही बुबुळं आहेत. बापासमोर जेवायला बसतात तेव्हा त्यांना काय दिसत असेल? बापाचे डोळे, की आपल्याला दिसतात त्या पांढऱ्या फटी?

मोती चौक

डोळेच दिसत असणार. नाहीतर हेलोईज इतकी बिनधास्त भांडली नसती त्याच्याशी. माझ्याकडे जुळ्यांच्या वेळचे काही इंग्रजी अंक आहेत, रविवारी राजवाड्यावर घेऊन येतो. माणदेश, दहिवडीहून सकाळची एसटी आहे, या. कृष्णाकाठ काका, भिंग आणा, काळ्याला काळं कुठे लागतं ते समोर ठेवूनच बघू.